राहिलेला तिसरा मुद्दा

शरयू,

तुझ्या शोकसभेत दीपप्रज्वलन झालं नाही, एवढंच. बाकी सगळं झालं. मंचावर खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर माणसं होती, माणसांपुढे पाण्याच्या बाटल्या होत्या. तुझा फोटो कडेला एका स्टुलावर होता, कारण मध्ये ठेवला असता तर अध्यक्ष प्रभाकरराव झाकले गेले असते. प्रभाकररावांनी 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून सुरुवात केली, व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव पदासकट घेतलं, आणि मग आज आपण कोणासाठी जमलो आहोत हे आठवून तुझंही घेतलं.

माझ्या शेजारी तुझ्या समोरच्या दारातल्या बेलादी बसल्या होत्या. त्यांना मराठी जेमतेम कळतं, पण भाषणाचा सूर कोणत्याही भाषेत कळतो. प्रभाकरराव आपल्या बदल्यांची हकीकत सांगत होते. कोणत्या साली ते कोलकात्याला आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाची काय अवस्था होती, हॉलचे पंखे कोणी बसवून घेतले. बेलादींनी मला हळूच विचारलं, हे शरयूला ओळखत होते का? मी म्हटलं, खूप वर्षं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ऐकायला लागल्या. पंख्यांनंतर तुझ्या वाट्याला एक वाक्य आलं. शरयूताई म्हणजे वक्तृत्वाचा झरा होत्या.

तुला ते सहन झालं नसतं. भाषण झऱ्यासारखं वाहायला लागलं की ऐकणाऱ्याने पाय वर घेऊन बसावं, असं तूच म्हणायचीस.

वक्तृत्व हा शब्दच तुला नको असायचा. गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात तू नव्या अधिकाऱ्यांना बोलायला शिकवायचीस, आणि तिथून निवृत्त झाल्यावर मंडळाच्या हाती लागलीस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणीतरी एका सभासदाने उठून काहीतरी माहिती सांगायची, ही चाल तुझी. मी त्यावेळी म्हटलं होतं की मराठी माणसाला माहिती सांगायला लावणं सोपं आहे, थांबवायचं कसं ते बघ. तू म्हणालीस, थांबवणंच शिकवायचं असतं, बोलणं सगळ्यांना येतं.

माझं पहिलं भाषण बँकेतल्या खात्यांवर वारस म्हणून नाव कसं लावायचं, यावर होतं. मी ते कौटिल्यापासून सुरू केलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात तुला वाचून दाखवत होते आणि तू मटार सोलत होतीस. मी सावकारीपर्यंत पोहोचले तेव्हा तू विचारलंस, "कुंदा, समोर बसलेल्या बाईला घरी गेल्यावर काय करता आलं पाहिजे?"

मी जरा विचार करून म्हटलं, "नवऱ्याच्या खात्यावर आपलं नाव आहे का, ते बघता आलं पाहिजे."

"मग ते एका वाक्यात लिही. त्या वाक्याला मदत करेल तेवढंच ठेव. कौटिल्याला जाऊ दे, त्याचं खातं नाही तुमच्या बँकेत."

असं ते भाषण कापत कापत तू पाव हिश्शावर आणलंस. आधी ऐकणाऱ्याला आत्ता काय ठाऊक आहे ते धर, मग त्याच्या पुढे एक पाऊल टाक. मुद्दे तीनच. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना ऐकणाऱ्याला सांगून जा, नाहीतर तो मागच्या चौकातच उभा राहतो. जे तुला माहीत आहे आणि जे तुला वाटतं, त्यांची सरमिसळ करू नकोस. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हण. आणि नमस्कार, प्रास्ताविक, सुरुवातीची गंमत हे सगळं शेवटी तयार कर, कारण घर बांधायच्या आधी कोणी तोरण लावत नाही. मुद्द्यांची कार्डं करायला लावायचीस आणि भाषणाच्या आदल्या दिवशी फाडायला लावायचीस. कार्डाशिवाय जे आठवत नाही ते ऐकणाऱ्याला तरी कशाला आठवेल, हे तुझं म्हणणं. त्या रविवारनंतर मंडळातल्या काही घरांतली संध्याकाळची जेवणं शांतपणे झाली नाहीत. दोन नवऱ्यांनी मला नमस्कार करणं सोडलं. तू म्हणालीस, भाषण चांगलं झालं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी सभेत सांगितली नाही. माझे यजमान गेले तेव्हा मुलगा परदेशात होता. मी फोन हातात घेऊन बसले होते आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. आधी त्याची तब्येत विचारावी, मग बाबांना कालपासून बरं नव्हतं म्हणावं, मग हॉस्पिटल, असं काहीतरी मनात जुळवत होते. तू माझ्याजवळ येऊन बसलीस. म्हणालीस, "पहिल्याच वाक्यात सांग. त्याला पायऱ्या उतरायला लावू नकोस." मी सांगितलं. पलीकडून त्याने मला विचारलं, तू एकटी आहेस का? मी म्हटलं, नाही, शरयूमावशी आहे. त्या दिवशी तू माझ्यासाठी काय केलंस ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुलाही आभारप्रदर्शनाचा तिटकारा होता, म्हणून ते सोयीचं झालं.

आता तुझ्या त्या भाषणाचं.

बागबाजारला खंदक बघायला जाऊ, असं तू म्हणालीस तेव्हा मी हसले होते. खंदक बुजून कित्येक पिढ्या झाल्या. मराठ्यांची फौज येणार या धास्तीने अठराव्या शतकात या शहराने स्वतःभोवती तो खणायला घेतला, बागबाजारपासून सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिला, एवढं मलाही माहीत होतं. तिथे जाऊन आपल्याला मिळाली एक गल्ली, मराठा डिच असं नाव लावलेली, आणि ओट्यावर पेपर वाचत बसलेले एक गृहस्थ. तू त्यांना तुझ्या त्या व्याकरणशुद्ध बंगालीत विचारलंस की खंदक नेमका कुठून जायचा. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? महाराष्ट्रातल्या, तू म्हणालीस. त्यांनी पेपर खाली ठेवला, आपल्या दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एतो देरि कोरे एलेन?" इतका उशीर केलात यायला?

परतीच्या बसमध्ये तू सारखी हसत होतीस. आणि बालीगंज यायच्या आत गप्प झाली होतीस. ते गृहस्थ विनोद करत होते, पण विनोद करायला त्यांना काही आठवावं लागलं नव्हतं, असं तू म्हणालीस. आपल्याला मात्र लागलं.

मग तू लायब्ररीत जायला लागलीस. पुढचे कितीतरी महिने सकाळी फिरताना मी तेच ऐकलं. भाषणाचे तीन भाग तू ठरवलेस. पहिला खंदक: कोणी खणला, कशाला, आणि ज्यांच्यासाठी खणला ते या शहरापर्यंत आलेच नाहीत. दुसरा बारगीर: घोडा आणि हत्यार सरकारचं, पोट स्वतःचं, असा नागपूरकरांच्या फौजेतला स्वार. त्याच्या नावाचा इथे बर्गी झाला आणि आया अजून त्या नावाने मुलांना झोपवतात. तिसरा मुद्दा गावं. वर्षानुवर्षं त्या स्वारांनी या प्रांतातली गावं लुटली, जाळली, आणि माणसं मिळेल ते डोक्यावर घेऊन नदीच्या पलीकडे पळाली. आणि घरी घेऊन जायचं ते एक वाक्य: ज्यांच्या भीतीने या शहराने खंदक खणला, त्यांचेच आपण, आणि या शहराने आपल्याला घर दिलं.

ते तू आधी बेलादींना बंगालीत ऐकवलंस. मी तिथे होते. तिसऱ्या मुद्द्याला तुझा आवाज जरा खाली गेला होता. बेलादींचं माहेर बर्धमानकडचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे आम्हाला माहीतच आहे ग. तुमच्यातलं कोणी सांगतंय, एवढं नवीन."

मला खाली सोडायला उतरताना तू जिन्यात थांबलीस आणि म्हणालीस, "कुंदा, हे भाषण मला करायचंच आहे." इतकी वर्षं तू इतरांना उभं केलंस. स्वतःसाठी काही मागताना मी तुला तेवढं एकदाच पाहिलं.

मंडळाने तुला वर्धापनदिन दिला. आसपासच्या बंगाली कुटुंबांनाही बोलवायचं ठरलं. आणि निमंत्रणपत्रिका छापून आली. 'बंगालमधील मराठ्यांची गौरवगाथा. वक्त्या: श्रीमती शरयूताई.' खाली इंग्रजीतही, म्हणजे बंगाली पाहुण्यांना कळायला अडचण नको. ज्यांच्या घरी अजून बर्गीच्या नावाने मुलं दचकतात, त्यांना आपण बर्गीचा गौरव ऐकायला चहापानासह बोलावलं होतं. ही चूक जगात दुसऱ्या कोणत्याही मंडळाला जमली नसती.

तू प्रभाकररावांकडे गेलीस. ते म्हणाले, "अहो ताई, गौरव म्हटलं की लोक येतात. आत तुम्ही काय हवं ते बोला." तू म्हणालीस, मी उभी राहायच्या आधीच एक खोटं सांगून झालेलं असेल, मग माझं खरं कोण ऐकणार? त्यांना ते विनयाचं वाटलं. फ्लेक्सही तयार झाला आहे असं त्यांनी सांगितलं आणि विषय संपवला.

त्या दिवशीचं मी तुला काय सांगू, तू तिथेच होतीस. पण आता ते आठवणारी मी एकटी उरले आहे. प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांचा सत्कार झाला, त्यांच्या पत्नीचा झाला, माजी अध्यक्षांचा झाला, सत्काराच्या शाली आणणाऱ्यांचाही झाला. तुझ्या अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली आणि मग तुझ्या हातात चिठ्ठी आली की सात मिनिटांत आवरावं. तू माइकपाशी गेलीस. म्हणालीस, "मला जे सांगायचंय त्याला अर्धा तास लागतो. सात मिनिटांत मी फक्त आभार मानू शकते, आणि ते तुम्ही एकमेकांचे मानून झाले आहेत." आणि खाली येऊन बसलीस. लोक हसले. शरयूताई किती मिश्किल, असं माझ्या मागची बाई म्हणाली. बंगाली पाहुण्यांनी फ्लेक्सकडे एकदा बघितलं आणि चहा घेतला.

टॅक्सीत आपण भांडलो. मी म्हटलं, सात मिनिटं मिळाली होती, त्यात तिसरा मुद्दा सांगायचा. नुसता तिसरा.

"नुसता तिसरा सांगितला की ती माहिती राहत नाही. शिवी होते."

मी म्हटलं, मग निदान तो पहिला ठेव. आपल्या मंडळात आजवर कोणी तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोहोचलेलं नाही. तू म्हणालीस, कारण त्यांना पहिले दोन लहान करता येत नाहीत. लोकांना आधी खंदकापाशी न्यायचं, मग घोड्यापाशी, आणि ते आपल्या पायांनी चालत आले की गाव दाखवायचं. आल्या आल्या गाव दाखवलं की कानात बोटं घालतात. मग मी ते काढलं. मी म्हटलं, मला तर तू पहिल्याच वाक्यात सांगायला लावलं होतंस. पायऱ्या नकोत म्हणाली होतीस.

तू म्हणालीस, "तो तुझा मुलगा होता. त्याला बातमी हवी होती. यांना नकोय."

"नको असलेल्याला पायऱ्या दिल्या की तो पहिल्या पायरीवर बसून चहा पितो, शरयू. आज बघितलंस ना."

तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. घरापाशी उतरताना म्हणालीस की दमले आहे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी आपण इतर सगळ्यावर बोललो. तो आठवडा गेला, त्यानंतरचाही गेला, आणि तो विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. मग तू गेलीस. त्या दिवसाच्या अपमानाने गेलीस असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे सभेत दोघे होते, आणि दोघेही त्या दिवशी सत्कार घेऊन बसले होते. तुझं हृदय आधीपासूनच कुरकुरत होतं आणि तू डॉक्टरांनाही तीनच मुद्दे सांगायचीस. माझा राग वेगळा आहे. या शहरात आपली इतकी माणसं आहेत, बँकांतली, सरकारी कचेऱ्यांतली, आता कॉम्प्युटरवाली. त्यांना एका बाईचा अर्धा तास जड झाला.

शोकसभेत मला पाच मिनिटं दिली होती. 'दोन शब्द', असं कागदावर लिहिलं होतं. मी ठरवून गेले होते. तुझ्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, तुझं भाषण करायचं. आणि तुझ्याच क्रमाने करायचं. तू नसताना तुझ्या मांडणीत हात घालणं मला बरं वाटेना.

मी खंदकापासून सुरुवात केली. हॉल शांत झाला. तू खरंच चांगलं बांधलं होतंस, शरयू. पहिल्या मुद्द्याला लोक मागे टेकलेले होते ते पुढे आले. मी घोड्यापाशी आले. सरकारी घोडा, हातात तलवार, नागपुराहून निघालेला स्वार. एवढ्यात वेळ संपल्याची घंटी वाजली आणि कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. मागच्या रांगेतून एकाने जयघोष केला. शोकसभेत, शरयू. माझं तोंड तिसऱ्या मुद्द्यासाठी उघडं होतं. प्रभाकरराव उठले, माझ्या हातून माइक घेतला आणि म्हणाले की आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. तुझ्या गावांच्या जागी ती दोन मिनिटं आली. मी उभी राहिले. बेलादी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना तिसरा मुद्दा पाठ होता.

म्हणजे तो वाद मी जिंकले. तुझा क्रम मोडला, माझं म्हणणं खरं झालं, आणि हे ज्या माणसाला तावातावाने सांगावं ते स्टुलावर हार घालून बसलं होतं.

सभा संपल्यावर प्रभाकरराव मला येऊन भेटले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते, हे मला सांगायलाच हवं, कारण ते मला आवडलं नाही. मंडळ तुझ्या नावाने व्याख्यानमाला सुरू करणार आहे. पहिलं व्याख्यान मी करावं, आज सुरुवात इतकी छान झाली, तोच विषय पुरा करावा. फ्लेक्स आहेच, म्हणाले. मी म्हटलं, गौरव काढणार असाल तर करते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले की त्या शब्दावर पांढरा कागद चिकटवता येईल. पूर्ण अर्धा तास देण्याचंही कबूल केलं. तेवढा तुला जिवंतपणी मिळाला नव्हता.

काल बेलादींनी मला जेवायला बोलावलं. तुझं दार बंद होतं, तिथून मी पटकन पुढे गेले. ताट वाढत असताना मी त्यांना माझं पहिलं वाक्य ऐकवलं. आमच्या माणसांनी तुमची गावं जाळली. बस, इतकंच. खंदक त्याच्या नंतर, घोडा त्याच्याही नंतर. मी म्हटलं, शरयूला हे पटलं नसतं. बेलादींनी माझ्या भातावर शुक्तो वाढला, बंगाल्यांची ती कडसर मिश्र भाजी. त्यातलं कारलं वर आलं होतं. म्हणाल्या, आमच्याकडे कडू आधी वाढतात, म्हणजे जीभ जागी होते आणि पुढचं नीट लागतं.

तुला शुक्तो कधी आवडला नाही. त्यांच्याकडे जेवायला बसलीस की तो ताटाच्या कडेला सारून ठेवायचीस आणि अगदी शेवटी, पाण्याच्या घोटाबरोबर संपवायचीस.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी उभी राहणार आहे. सन्माननीय व्यासपीठ म्हणणार नाही, तुझं नावही घेणार नाही, थेट ते वाक्य. हॉल उठून गेला तर तू बरोबर होतीस. ते मान्य करायला मी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी असेन, आणि तरीही पुढचा अर्धा तास पुरा करीन.